आधी चाकं, मग हेडलाइट : कारचं १:१० क्ले मॉडेल घरी कसं करावं

जळगाव-भुसावळ पट्ट्यातली डिझाइनच्या प्रवेश परीक्षांची तयारी करणारी मुलं माझ्याकडे गाड्यांची मॉडेलं घेऊन येतात. मेहनत भरपूर असते, हातही चांगला असतो. तरी दहातल्या आठ मॉडेलांत एकच चूक सापडते, ती म्हणजे सुरुवात हेडलाइट आणि ग्रिलपासून केलेली असते. चाकं शेवटी, जिथे जागा उरेल तिथे. मग गाडी कितीही नटवली तरी खेळण्यातली दिसते. खालचा क्रम तसाच्या तसा पाळा. एखादी पायरी गाळलीत, तर पुढे ती दुप्पट वेळ घेते.

तयारी : ऋतू, जागा, सामान

आधी ऋतू. मॉडेलिंगची औद्योगिक क्ले मेणाची आणि तेलाची असते. साधारण ५५ ते ६० अंशांना ती लोण्यासारखी पसरते, थंड झाली की कडक होते आणि मग खरवडून धारदार कडा काढता येतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. अशा वेळी पत्र्याच्या छपराखाली ही क्ले पूर्ण कडक होतच नाही. माझं एक मॉडेल एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर राहिलं होतं. चार दिवसांनी टप मधोमध ४ मिलिमीटर खचलेला निघाला. १:१० मापात ४ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत ४ सेंटिमीटर! म्हणून हे काम दिवाळी ते महाशिवरात्र या दिवसांत काढा. उन्हाळ्यातच करायचं असेल, तर पहाटे पाच ते नऊ काम आणि नंतर मॉडेल तळमजल्यावरच्या जाड भिंतीच्या खोलीत. कूलरच्या दमटपणाने या क्लेला काही होत नाही, पण ड्रॉइंगचा कागद फुगतो. कागद कूलरसमोर ठेवू नका.

सामान असं लागेल :

- औद्योगिक क्ले, अडीच किलो. अर्ध्या मॉडेलला एवढी पुरते. (अर्धंच का, ते पुढे येईल.)
- १८ मिलिमीटरचा प्लायवुडचा तुकडा, ६० बाय ४० सेंटिमीटर, सरळ आणि न वाकलेला.
- ३ मिलिमीटर जाडीचा आरसा, ६० बाय २५ सेंटिमीटर.
- ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, वीतभर. ठिबकवाल्या कुठल्याही शेतात तुकडा पडलेला सापडेल.
- घट्ट थर्माकोल, फेव्हिकॉल, पातळ पोलादी तार.
- हॅक्सॉ ब्लेडचे दोन-तीन तुकडे, गुण्या, स्टीलची पट्टी, ओळंबा.
- रेडियमच्या दुकानातून ३ मिलिमीटर रुंदीची काळी पट्टी, एक रोल.
- स्वयंपाकघरातलं अॅल्युमिनियम फॉइल.

इशारा : क्ले महाग पडते म्हणून शेतातली काळी माती मळून मॉडेल करू नका. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात कापसाच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच तुमच्या बॉनेटवर होईल. शाळेत मिळणारी रंगीत प्लॅस्टिसिनही नको, कारण ती कधीच कडक होत नाही.

१. खरी गाडी मोजा

घरची, शेजारची, कोणतीही चालेल, पण एक गाडी स्वतःच्या हाताने मोजा. इंटरनेटवर लांबी-रुंदी-उंची मिळते. बॉनेट कुठे संपतं, काच कुठे सुरू होते, हे मात्र मिळत नाही.

गाडी सपाट कोब्यावर उभी करा. दोघं लागतात. एकाने ओळंबा पुढच्या बंपरच्या टोकावरून सोडायचा, दुसऱ्याने जमिनीवर खडूने खूण करायची. मग पुढच्या चाकाचा मध्य, विंडशील्डचा खालचा काठ, टपाचा सर्वांत उंच बिंदू, मागच्या चाकाचा मध्य, मागच्या बंपरचं टोक. सगळ्या खुणा जमिनीवर एका रेषेत आल्या की टेप धरून अंतरं वहीत उतरवा.

फोटोही घ्या, पण दोन मीटरवरून नको. जवळून काढलेल्या फोटोत गाडीचा मधला भाग फुगतो, टोकं आक्रसतात आणि त्यावरून गिरवलेलं चित्र मुळातच चुकतं. दहा-पंधरा मीटर मागे जा, झूम करा, मोबाइल दाराच्या हँडलच्या उंचीवर धरा आणि दोन्ही चाकांच्या बरोबर मधोमध उभे राहा.

तपासणी : पुढचं टोक ते पुढचं चाक, चाक ते चाक, मागचं चाक ते मागचं टोक, या तिन्हींची बेरीज एकूण लांबीएवढी यायला हवी. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक आला, तर पुन्हा मोजा.

२. जमीन, चाकं, माणूस : याच क्रमाने

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी मुलांना अख्खा एक दिवस या पायरीवरून हलू देत नाही.

कागदावर पहिली रेघ जमिनीची. दुसरी गोष्ट चाकं. चाकाचा खरा व्यास टायरवरच लिहिलेला असतो, फक्त तो वाचता आला पाहिजे. १८५/६५ आर१५ असं असेल, तर टायरची रुंदी १८५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, म्हणजे २४०. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवा. एकूण ६२१-६२२ मिलिमीटर. १९५/६० आर१६ चा व्यास याच हिशेबाने ६४० येतो. १:१० मापात दोन्ही ६२ ते ६४ मिलिमीटर, म्हणजे तो शेतातला ६३ चा पाइप. त्याच्या २० मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापा, चाकं तयार. चार नाही, पाच कापा. अर्ध्या मॉडेलला दोनच चाकं लागतात, उरलेल्या तीन चकत्या मोजपट्टी म्हणून.

आता पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस. चार मीटरच्या आतली हॅचबॅक, म्हणजे मागे वेगळी डिकी नसलेली गाडी, करायला घ्या. सरावाला ती उत्तम, कारण तिच्यात चुकांना लपायला जागा नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं आणि तेव्हापासून आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचा घाट या एका आकड्याने ठरत आला आहे. स्विफ्ट डिझायरच पाहा. २००८ ची ४१६० मिलिमीटर लांब होती, २०१२ ची ३९९५ झाली. व्हीलबेस मात्र २३९० वरून २४३० असा वाढला. म्हणजे कापलं ते सगळं चाकांच्या बाहेरचं. शेपटी गेली, आतली जागा राहिली.

तुमच्या मॉडेलसाठी ही मापं घ्या :

- व्हीलबेस २५० मिलिमीटर
- पुढच्या चाकाच्या मध्यापासून पुढचं टोक ८०
- मागच्या चाकाच्या मध्यापासून मागचं टोक ६९
- एकूण लांबी ३९९, उंची १५२, अर्धी रुंदी ८७
- जमिनीपासून पोटाची उंची १७ ते १८

तपासणी : चाकाच्या जागी चकत्या ठेवा आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत उरलेल्या तीन चकत्या ओळीने मांडून पाहा. जवळजवळ तीन बसायला हव्यात, दोनेक मिलिमीटर कमी पडले तरी चालेल. जुन्या मारुती ८०० मध्ये चाकं १२ इंची आणि व्हीलबेस २१७५, म्हणून तिथे सव्वातीन बसतात. प्रदर्शनात ठेवायच्या कॉन्सेप्ट गाड्यांत चाकं मुद्दाम मोठी करतात, तिथे तीनपेक्षाही कमी. साडेतीन-चार बसायला लागल्या, तर तुमची गाडी लांबट आणि अशक्त दिसणार. पुढे कोणतीही रेषा तिला वाचवू शकणार नाही.

तिसरी गोष्ट माणूस. पुठ्ठ्याचा १७ सेंटिमीटर उंचीचा माणूस कापा. कंबर आणि गुडघ्यात टाचणी घालून तो वाकता करा. बसल्यावर ढुंगणापासून डोक्यापर्यंत तो ८८ मिलिमीटर यायला हवा. जमिनीपासून ५२ मिलिमीटरवर त्याला बसवा, पाठ थोडी मागे रेला. डोक्यावर ५-६ मिलिमीटर मोकळे सोडा आणि वर टपाची जाडी ४-५. आपल्याकडे आजोबा गाडीतही टोपी काढत नाहीत, तेव्हा ६ च धरा. बेरीज १५० च्या आसपास येते आणि टपाची उंची अशी आतून ठरते. टप आधी काढून माणूस नंतर कोंबलात, तर त्याची मान मोडते. असे मान मोडलेले पुठ्ठ्याचे पुष्कळ ड्रायव्हर मी पाहिलेत.

लान्सिया स्ट्रॅटोस झीरो ही १९७० ची, इटलीच्या बर्तोने या डिझाइन कंपनीची कॉन्सेप्ट गाडी फक्त ८४ सेंटिमीटर उंच होती, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याएवढी. तिच्यातही माणूस बसत होता, जवळजवळ आडवा होऊन, आणि आत जायला दाराऐवजी पुढची काच उचलावी लागे. इतकी टोकाची गाडीसुद्धा माणसाला कसं बसवायचं हे ठरवूनच आखावी लागते.

३. बाजूचं चित्र टेपने आखा

पेन्सिल बाजूला ठेवा. पेन्सिलीची लांब रेघ हाताबरोबर थरथरते. रेडियमची पट्टी एका टोकाला चिकटवा, दुसरं टोक ताणून धरा आणि अंगठ्याने हळूहळू दाबत न्या. ताणलेली पट्टी स्वतःहून गोड वळण घेते. गाड्यांच्या कंपन्यांच्या डिझाइन स्टुडिओतही पूर्ण आकाराची चित्रं भिंतीवर अशीच टेपने काढतात.

आधी टप, मग विंडशील्डचा खांब, मग काचेखालची रेघ, मग बॉनेट. काचेखालची रेघ मागे जाताना किंचित वर चढू द्या. तंतोतंत आडवी ठेवली, तर डोळ्याला ती मागे उतरल्यासारखी वाटते. काचेचा पट्टा आणि खालचा पत्रा यांचं प्रमाण एकास दोन ठेवा.

तपासणी : विंडशील्डच्या खांबाची रेघ तशीच खाली वाढवा. पद्मिनी किंवा अॅम्बेसेडरसारख्या, इंजिन पुढे पण जोर मागच्या चाकांना असलेल्या गाडीत ती पुढच्या चाकाच्या मध्याजवळ किंवा त्याच्या मागे उतरते. आजच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकमध्ये ती मध्याच्या पुढेही जाते. तुमची रेघ बंपरवर उतरत असेल, तर काच फार पुढे सरकली आहे आणि हॅचबॅकची व्हॅन व्हायला लागली आहे.

४. आरसा उभा करा, गाभा कापा

प्लायवर १ सेंटिमीटरच्या चौकटी आखा. एक चौकट म्हणजे खऱ्या गाडीतले १० सेंटिमीटर. मग मधल्या रेषेवर आरसा काटकोनात उभा करा आणि गाडीची एकच बाजू घडवा. दुसरी बाजू आरशात दिसते. क्ले निम्मी लागते आणि उजवी-डावी सारखी करण्यात जाणारे दिवस वाचतात.

इथे एक बारकावा मुलं हमखास विसरतात. आरशाचा मुलामा काचेच्या मागच्या बाजूला असतो. म्हणून ३ मिलिमीटरच्या आरशात मॉडेल आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात साधारण ४ मिलिमीटरची फट दिसते, तेवढी गाडी रुंद भासते. अर्धी रुंदी ८७ ऐवजी ८५ करा, हिशेब जुळतो.

गाभा थर्माकोलचा. सगळीकडून १२ मिलिमीटरने लहान कापा आणि अंगावर चाकूने आडव्या-उभ्या खाचा पाडा, म्हणजे क्ले धरून राहील. चाकांच्या कमानी आत्ताच कापून घ्या. नंतर क्लेमध्ये कोरायला गेलात, तर गाभा उघडा पडतो.

इशारा : थर्माकोल फेव्हिकॉलनेच चिकटवा. चपलेला लावतात तसल्या वासाच्या सोल्युशनने तो जागेवर विरघळतो. स्प्रे पेंटनेही तेच होतं.

५. क्ले चढवा

झाकणाच्या स्टीलच्या डब्यात क्ले घाला आणि डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. पाणी क्लेला लागू देऊ नका. थेट गॅसवर तर कधीच नको, मेण जळतं आणि धूर घातक असतो. एप्रिल-मेमध्ये काळा पत्र्याचा डबा गच्चीवर उन्हात ठेवलात, तरी काम होतं.

पहिला थर २-३ मिलिमीटरचा, अंगठ्याने रगडून. भाकरी थापतो तसं थापायचं नाही. थापलं की खाली हवा राहते आणि खरवडताना तिथे पापुद्रा उचलला जातो. पुढचे थर त्यावर, हवी त्यापेक्षा २ मिलिमीटर जास्त जाडी होईपर्यंत. मग रात्रभर विसावू द्या.

६. पुठ्ठ्याचे साचे लावून खरवडा

टेपच्या चित्रावरून बाजूचा साचा कापा. मग दर ५ सेंटिमीटरला एक आडवा साचा. आडव्या साच्यांत दोन गोष्टी पाळा. काच सरळ उभी नसते, वर जाताना आत झुकते. तुमच्या मॉडेलची अर्धी रुंदी दारापाशी ८५ असेल, तर टपापाशी ६० च्या आसपास हवी. आणि वरून पाहताना पुढचे कोपरे कापलेले हवेत. नाकाच्या मध्यापेक्षा कोपरा १५-२० मिलिमीटर मागे. हे केलं नाही, तर गाडी विटेसारखी दिसते.

हॅक्सॉ ब्लेडच्या दातांनी तिरकं खरवडा, पुढच्या फेरीत उलट्या तिरक्या दिशेने. उंचवटे आपोआप उघडे पडतात. साचा सगळीकडे टेकला, की ब्लेडची सपाट बाजू.

७. पृष्ठभाग : केळं आणि वांगं

इथे पुस्तक मिटा आणि बाजारातून एक कच्चं केळं आणि एक भरिताचं वांगं आणा. रावेर-यावलकडच्या मुलांना तर बाजारातही जायला नको.

कच्चं केळं खिडकीसमोर धरून हळू फिरवा. अंगावर उभ्या कडा दिसतील. मधल्या भागात त्या अगदी स्पष्ट असतात, देठाकडे आणि टोकाकडे जाता जाता विरून जातात. कुठे संपल्या ते बोट ठेवून सांगता येत नाही. दोन कडांमधला भाग सपाट वाटतो, पण पट्टी लावून पाहा, तो किंचित फुगीर आहे. दारावरची रेघ अशीच असायला हवी. कुठून तरी हळूच उगवलेली, मधे ताठ, पुढे पुन्हा अंगात मिसळलेली. नवशिके ती या चाकापासून त्या चाकापर्यंत सारख्याच खोलीने नांगराच्या तासासारखी ओढतात.

आता वांगं. कडा एकही नाही, तरी उजेडाचा एक लांब पट्टा देठापासून बुडापर्यंत न तुटता जातो. टप आणि बॉनेट असं हवं. सपाट पत्रा डोळ्याला खोलगट वाटतो, म्हणून जिथे सपाट हवं असं वाटतं तिथेही अर्धा मिलिमीटर फुगवटा ठेवा.

यावल तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याच्या मॉडेलच्या दारावर पाच रेघा होत्या. मी काही बोललो नाही, केळं त्याच्या हातात दिलं. तो दहा मिनिटं ते फिरवत बसला आणि मग स्वतःच ब्लेड घेऊन चार रेघा पुसल्या. उरलेल्या एकीवर त्याने दोन दिवस काम केलं. दार जिवंत झालं.

एका बाजूला जास्तीत जास्त दोन रेघा. तिसरी हवीशी वाटली, तर बहुतेक वेळा पहिल्या दोनांतली एक चुकलेली असते.

८. फॉइल लावून उजेडात तपासा

क्लेचा रंग मातकट, तिच्यावर चूक दिसत नाही. स्टुडिओत यासाठी क्लेवर चकचकीत फिल्म ताणून बसवतात. घरी फॉइल चालतं. पाण्याचा हलका हात फिरवा, फॉइल पसरा आणि कापसाच्या बोळ्याने मधून बाहेर दाबत न्या.

खोलीत अंधार करा. एक ट्यूबलाइट किंवा एलईडीची लांब पट्टी मॉडेलच्या वरून पुढून मागे हळू न्या. फॉइलवरचा उजेडाचा पट्टा पाण्यासारखा वाहायला हवा. जिथे तो अडखळतो, नागमोडी होतो किंवा अचानक जाड होतो, तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. खूण करा, फॉइल काढा, दुरुस्त करा, पुन्हा लावा. चार-पाच फेऱ्या लागतात आणि त्या लागू द्याव्यात.

९. चाकं बसवा, मग दिवे

चकतीचा बाहेरचा चेहरा कमानीच्या काठाशी सपाट यायला हवा. चाक ३ मिलिमीटर जरी आत गेलं, तरी गाडी टांगून ठेवल्यासारखी दिसते. कमान आणि चाक यांच्यातली फट सगळीकडे ५ मिलिमीटर.

आता कुठे हेडलाइट. क्ले न खणता काळी पट्टी कापून आधी वरून चिकटवा, दोन-तीन जागा बदलून पाहा. चाकाच्या मध्याशी, बॉनेटच्या काठाशी किंवा दारावरच्या रेघेशी तिचं नातं जुळलं, की दिवा बसला. मगच कोरा. दरवाज्याच्या फटी, हँडल, टेललाइट याच पद्धतीने, आणि त्यांना एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

शेवटी फोटो. उभं राहून वरून काढलात, तर ते टेबलावरचं खेळणंच दिसेल. उभ्या माणसाचा डोळा साधारण दीड मीटरवर असतो, म्हणजे १:१० मध्ये प्लायपासून १५ सेंटिमीटर. मोबाइल उलटा धरा म्हणजे लेन्स खाली येते, ती त्या उंचीवर आणा, पाऊण मीटर मागे जा, झूम करा आणि आरशाची कड दिसणार नाही असा पुढचा कोपरा पकडा.